वाचकांचे प्रश्न : बर्फातल्या गावांमधलं आपल्या मालकीचं दुकान

मागच्या अंकात सहकारावर लिहिताना मी एका ओळीत म्हणून गेले होते की कॅनडाच्या अगदी उत्तरेला इनुइट लोकांच्या गावांमध्ये किराणा दुकान, हॉटेल, घरोघरी तेल टाकणारा टँकर, केबल टीव्ही असं बरंच काही गावच्याच सहकारी संस्थेचं असतं. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः काही वर्षं गावच्या दूध संस्थेचे हिशेब लिहिलेत, त्यामुळे हा विषय माझ्या मनाच्या फार जवळचा आहे, उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न (इस्लामपूरहून एक वाचक) : एस्किमो लोक तर शिकार करून, इग्लूत राहून जगायचे असं आम्ही शाळेत शिकलो. त्यांना सहकारी संस्था कशाला लागली?

आधी नावाचं बघूया. 'एस्किमो' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, ते लोक स्वतःला इनुइट म्हणतात, इनुइट म्हणजे 'माणसं' आणि एका माणसाला म्हणायचं असेल तर इनुक. आपणही तेच म्हणूया.

शाळेत जे शिकवलं ते खोटं नव्हतं पण ते फार जुनं होतं आणि मधला एक मोठा काळ त्यात गाळलेला होता. विसाव्या शतकात इनुइट कुटुंबं समुद्रकिनारी लहान लहान तळांवर राहायची, सील, वालरस, मासे आणि कॅरिबू नावाची हरणं यांच्यावर जगायची, आणि बंदुका, गोळ्या, चहा, पीठ, तंबाखू घ्यायला व्यापारी ठाण्यावर जायची. तिथे मुख्य व्यापारी म्हणजे हडसन्स बे कंपनी, १६७० सालची सनद असलेली. पद्धत अशी होती की थंडीच्या आधी कंपनीचा माणूस उधारीवर सामान द्यायचा, मग माणूस हिवाळाभर सापळे लावून पांढऱ्या कोल्ह्यांची कातडी गोळा करायचा आणि ती देऊन उधारी फेडायची. कातड्याचा भाव कंपनी ठरवणार, पिठाचा भावही कंपनीच ठरवणार आणि वही पण कंपनीच्याच माणसाच्या हातात. आपल्याकडे ज्यांनी सावकाराचं खातं बघितलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग दुसऱ्या महायुद्धानंतर कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले. आणि काही भागात कॅरिबूंचे कळपही येईनासे झाले, कीवाटिन भागात १९५७-५८ च्या हिवाळ्यात तर माणसं उपाशी मेली. सरकारने त्याच काळात लोकांना गावांमध्ये वसवायला सुरुवात केली, शाळा दवाखाना एका जागी आणि लोक तिथे राहायला, पण तिथे कमवायचं काय हा प्रश्न होताच. सरकारच्या उत्तरेकडच्या खात्यात डोनाल्ड स्नोडेन नावाचे एक अधिकारी होते, त्यांनी सहकारी संस्थांची कल्पना जोरात पुढे नेली. म्हणजे कल्पना बाहेरून आली हे खरं, ते लपवायचं कारण नाही, पण लोकांनी ती ज्या पद्धतीने आपली करून टाकली ते बघण्यासारखं आहे.

पहिली संस्था १९५९ साली, उत्तर क्वेबेकमध्ये जॉर्ज नदीच्या मुखाजवळ. गावाचं नाव कांगिक्सुआलुज्जुआक, अर्थ 'खूप मोठी खाडी'. खरंतर तेव्हा तिथे गाव असं नव्हतंच, कुटुंबं किनाऱ्यावर विखुरलेली होती आणि व्यापार करायला लांब फोर्ट चिमोला म्हणजे आजच्या कूजुआकला जायला लागायचं. त्यांनी दोन गोष्टी धरल्या. एक म्हणजे सामन माशाच्या जातकुळीतला 'आर्क्टिक चार' नावाचा मासा, तो पकडून गोठवून दक्षिणेकडच्या शहरांत विकायचा. आणि दुसरं म्हणजे लाकूड. ही जागा झाडं उगवतात त्या शेवटच्या पट्ट्यात आहे, तिच्या उत्तरेला झाडच नाही, मग त्यांनी लाकूड तोडून कापून त्याच लाकडाची घरं बांधली. म्हणजे गाव होतं म्हणून संस्था निघाली असं तिथे झालं नाही, संस्था निघाली आणि तिच्याभोवती गाव उभं राहिलं. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

प्रश्न (कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव) : तिथला कारभार नेमका कसा चालतो? शेअर, मतदान, नफा वाटप, जनरल बॉडी हे सगळं आपल्यासारखंच असतं का?

सचिव साहेब, ढाचा ओळखीचाच वाटेल तुम्हाला. थोडी रक्कम भरून सभासद व्हायचं, एका सभासदाला एकच मत मग तो कितीही माल घेवो, सभासदांमधून संचालक मंडळ निवडायचं, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. वर्षाअखेर नफा उरला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. आपल्याकडे दिवाळीला दूध संस्थेतून 'फरक' मिळतो ना, फरक बिलाची वाट अख्खं गाव बघतं, अगदी तसंच, फक्त इथे घातलेल्या दुधावर मिळतो आणि तिथे दुकानातून घेतलेल्या मालावर.

वेगळेपण आहे ते कामाच्या पसाऱ्यात. आपल्याकडे दुधाची वेगळी, खताची वेगळी, पतसंस्था वेगळी. तिथे तीन-चारशे किंवा हजार वस्तीचं गाव, दहा संस्था काढणार कोण, म्हणून एकच संस्था सगळं करते. किराणा आणि कापडचोपड तर आहेच, शिवाय स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी आणि तिचे पार्ट, बंदुकीच्या गोळ्या, बाहेरून येणाऱ्या नर्स-इंजिनिअर-सरकारी माणसांसाठी हॉटेल, घर तापवायचं तेल टँकरने घरोघरी, केबल टीव्ही, कुठे विमान कंपनीची एजन्सी, कुठे पोस्टाचं काम, कुठे भाड्याने द्यायच्या जागा, आणि लोकांनी केलेलं कोरीवकाम विकत घेणं. सरकार सोडलं तर त्या गावांमध्ये नोकरी देणाऱ्या मोठ्या जागांपैकी ही एक.

आणि वर शिखर संस्था आहेत, आपल्या जिल्हा संघासारख्या. क्वेबेकच्या उत्तरेकडच्या भागाला नुनाविक म्हणतात, तिथली १४ गावं आणि चौदाही गावांमध्ये संस्था आहे. त्यांचा संघ १९६७ साली पाच संस्थांनी मिळून काढला. नुनावुत आणि वायव्य प्रदेश या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशांतल्या संस्थांचा वेगळा संघ आहे, आर्क्टिक को-ऑपरेटिव्ह्ज लिमिटेड, मुख्य ऑफिस विनिपेगमध्ये, तीसहून जास्त संस्था त्याच्या सभासद आहेत आणि त्यात इनुइटांबरोबर डेने आदिवासींच्या गावांच्या पण संस्था आहेत.

संघ का लागतो हे समजायला एकच गोष्ट लक्षात घ्या. या गावांना बाहेरून येणारा रस्ता नाही. एका गावातून दुसऱ्या गावालाही रस्ता नाही. समुद्र उन्हाळ्यातले थोडे महिने मोकळा असतो, तेवढ्यात जहाज येतं, बऱ्याच ठिकाणी धक्का पण नाही, त्यामुळे भरतीची वेळ बघून तराफ्यावरून माल किनाऱ्यावर उतरवायचा. एकदा बर्फ धरला की पुढचं जहाज पुढच्या उन्हाळ्यात, मधे फक्त विमान आणि विमानाचं भाडं सोन्याच्या भावाने. म्हणजे जड आणि टिकाऊ माल वर्षभराचा एकदम मागवायचा, पैसे आधी द्यायचे आणि तो विकून पैसे परत यायला बारा महिने. कुठल्याही छोट्या संस्थेला हे एकटीने झेपणारं नाही, बँक दारात उभी करणार नाही. म्हणून संस्थांनी १९८६ साली स्वतःचा एक फिरता निधी उभा केला, त्यातून प्रत्येक संस्था वर्षाच्या मालासाठी कर्ज घेते आणि विक्री झाली की परत भरते, मग तेच पैसे पुढच्या वर्षी परत. ज्याने कधी संस्थेचं खेळतं भांडवल सांभाळलंय त्याला या एका निधीची किंमत कळेल.

सभा इनुक्तितुत भाषेत होतात. हे वाचायला साधं वाटतं पण १९६० च्या आसपासचा काळ डोळ्यासमोर आणा, शाळा इंग्रजी, दवाखाना इंग्रजी, पोलीस इंग्रजी, व्यापारी ठाणं इंग्रजी, सरकारी कागदावर माणसाची ओळख म्हणजे गळ्यात अडकवायच्या चकतीवरचा नंबर. आणि त्यात एकच जागा अशी की जिथे म्हातारा शिकारी उठून आपल्या भाषेत बोलतो आणि त्याच्या बोलण्यावर ठराव होतो.

मतदानाचंही तसंच. कॅनडाच्या निवडणुकीत इनुइटांना मत द्यायचा हक्क १९५० साली मिळाला पण सगळ्या गावांमध्ये मतपेट्या पोचायला १९६२ उजाडलं. म्हणजे कितीतरी लोकांनी आयुष्यातलं पहिलं मत देशाच्या निवडणुकीत दिलं नाही, आपल्या संस्थेच्या सभेत दिलं.

प्रश्न (पुण्याहून एक विद्यार्थिनी) : त्यांच्या संस्कृतीत वाटून खाण्याची पद्धत आधीपासून होती ना? मग सहकार त्यांना सोपाच गेला असेल.

असंच वाटतं आणि बरेच लोक असंच लिहितात, पण मला ते अर्धंच खरं वाटतं.

शिकार वाटून घ्यायची पद्धत फार खोलवर आहे. सील मारला की कुणाला कुठला भाग, कुणाच्या घरी आधी न्यायचा, म्हाताऱ्यांना काय, याचे नियम असतात, बॅफिन बेटावर या वाटपाला निंगिक्तुक म्हणतात. पण हे वाटप नात्यातून चालतं. तळावर राहणारी माणसं एकमेकांच्या नात्यातली असायची आणि त्यांचा एक पुढारी असायचा, इसुमातक, इसुमा म्हणजे विचार आणि इसुमातक म्हणजे विचार करणारा. शिकारीला कधी जायचं, तळ कधी हलवायचा हे त्याच्या शहाणपणावर, कुणी मतदान घेत नव्हतं.

आता हीच दहा तळांवरची माणसं एका गावात आली. शेजारी कोण तर ज्यांच्याशी नातं नाही, कदाचित जुनं काही वाकडंसुद्धा असेल. त्यांच्याबरोबर पैसे एकत्र ठेवायचे, कुणातरी तरुण पोराला हिशेब लिहायला बसवायचं आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा, आणि ज्येष्ठ माणसाचं मतही एकच आणि त्या पोराचंही एकच. हे नवीन होतं आणि अवघड होतं. सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी तळाचे जुने इसुमातकच संचालक मंडळावर निवडून आले आणि ते स्वाभाविकच होतं. निर्णय घ्यायची पद्धत मात्र त्यांनी आपलीच ठेवली, घाईने हात वर करून मोकळं व्हायचं नाही, सगळे बोलेपर्यंत बसायचं आणि सगळ्यांना पटेल तिथे थांबायचं. आज नुनावुतच्या विधानसभेत पक्षच नाहीत, तिथेही सहमतीने कारभार चालतो. तो संस्थांमुळे आला असं मी म्हणणार नाही, पण दोन्हीच्या मागे माणसं तीच आहेत.

अजून एक, दुकान आलं तरी शिकारीचं वाटप थांबलं नाही. उलट गोळ्या, पेट्रोल, स्नोमोबाइलचा पट्टा दुकानातून घ्यायचा आणि मिळालेलं मांस नात्यात फुकट वाटायचं अशी दोन्हीची सांगड बसली. सीलचं मांस दुकानात वजनावर विकावं का यावर तिथे अजूनही वाद होतात, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना ते मनापासून खटकतं आणि मला त्यांचं म्हणणं समजतं.

प्रश्न (नाशिकहून एक चित्रकला शिक्षक) : केप डॉर्सेटच्या घुबडाचं चित्र मी पाहिलंय. त्याचा आणि सहकारी संस्थेचा संबंध काय?

सर, ते चित्र संस्थेतूनच आलंय.

केप डॉर्सेट, आताचं अधिकृत नाव किन्गाइत म्हणजे 'डोंगर', हे बॅफिन बेटाच्या नैऋत्य टोकाजवळचं गाव, आज वस्ती साधारण चौदाशे. १९५० च्या दशकात जेम्स ह्यूस्टन नावाचे चित्रकार तिथे सरकारी कामावर होते. गोष्ट अशी सांगतात की ओसुइतोक इपीली नावाचे मोठे शिल्पकार सिगरेटच्या दोन पाकिटांवरचं नाविकाचं डोकं बघत होते आणि म्हणाले की प्रत्येक पाकिटावर हेच चित्र परत परत काढत बसायचं म्हणजे त्या माणसाला किती कंटाळा येत असेल. ह्यूस्टननी छपाई समजावून सांगायला ओसुइतोकनीच कोरलेल्या वालरसच्या सुळ्यावर शाई लावली आणि कागद दाबून ठसा उचलून दाखवला. ओसुइतोक म्हणाले, हे आपल्याला जमेल. मग ह्यूस्टन १९५८ च्या अखेरीला जपानला जाऊन उनइची हिरात्सुका या लाकडी ठशांच्या कलाकाराकडे शिकून आले. १९५९ साली वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह स्थापन झाली आणि त्याच वर्षीपासून दर वर्षी चित्रांचा एक संग्रह बाहेर पडतो.

काम कसं वाटलेलं असतं ते बघा. चित्र काढणारा एक, ते दगडाच्या सपाट पृष्ठावर कोरणारा दुसरा, शाई लावून पातळ जपानी कागदावर ठसा घेणारा तिसरा. एका चित्राच्या साधारण ५० प्रती काढायच्या आणि मग तो दगड परत छापता येणार नाही असा करायचा. चित्र कुणीही आणावं, संस्था बघते आणि पैसे तिथल्या तिथे देते, ते पुढे छापलं जावो न जावो. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण ज्याला उद्या गोळ्या आणि चहा घ्यायचाय त्याला शहरातल्या गॅलरीत चित्र विकेपर्यंत थांबता येत नाही.

तुम्ही बघितलेलं घुबड केनोजुआक अशेवाक यांचं, १९६० सालचं, १९७० साली ते टपाल तिकिटावर आलं. त्यांचा जन्म १९२७ चा, तळावर वाढलेल्या, पन्नासच्या दशकात टीबी झाला म्हणून जवळजवळ तीन वर्षं क्वेबेक शहरातल्या दवाखान्यात घरापासून लांब काढली. २०१३ साली त्या गेल्या. आणि पित्सिओलाक अशूना, त्यांचा नवरा लवकर गेला, मुलं वाढवायची होती, हालाखीचे दिवस काढले, आणि पन्नाशी उलटल्यावर चित्र काढायला लागल्या, पुढे हजारो चित्रं काढली. विधवा बाई, शिकार करणारं माणूस घरात नाही, आणि तिच्या हातच्या रेघेला गावातच रोख किंमत मिळते, आणि ती देणारी संस्था तिच्याच गावकऱ्यांची. संस्थेचे पहिले अध्यक्ष कनांगिनाक पूतूगूक हे स्वतः मोठे चित्रकार होते.

व्यवस्थापक म्हणून टेरी रायन १९६० ला आले आणि पुढे अनेक दशकं राहिले, याचाही मोठा वाटा आहे. दर दोन वर्षांनी मॅनेजर बदलणाऱ्या संस्थेचं काय होतं ते मी जवळून बघितलंय.

प्रश्न (सोलापूरहून एक वाचक) : संस्था आपली असूनही तिथे वस्तू फार महाग असतात असं वाचलं. मग फायदा काय?

महाग आहेत, हे खरं आहे. दूध, फळं, भाजी यांचे भाव दक्षिणेकडच्या शहरांच्या दुप्पट तिप्पट दिसतात, सरकारची अनुदान योजना असूनही, आणि नुनावुतमध्ये निम्म्याहून जास्त इनुइट घरांना पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नसते. सहकारी संस्थेने हा प्रश्न सोडवला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही, जहाज आणि विमानाचं भाडं संस्थेलाही तेवढंच पडतं आणि गावातल्या लोकांची त्यावरची नाराजी रास्त आहे. फरक एवढाच की बहुतेक मोठ्या गावांत समोर खाजगी साखळीचं दुकान पण असतं, तिथला नफा गावाबाहेर जातो आणि इथला सभासदांकडे परत येतो, आणि भाव का वाढला हे विचारायला एक सभा आहे जिथे उत्तर द्यायला शेजारीच बसलेला संचालक आहे. पोटाला तेवढ्याने आराम पडत नाही हे मला कळतं.

प्रश्न (नांदेडहून एक वाचक) : सहकार म्हटलं की राजकारण आलंच. तिथेही तसंच का?

तिथे राजकारण आलं पण वेगळ्या वाटेने. इनुइटांची देशपातळीवरची राजकीय संघटना १९७१ साली निघाली, संस्था तिच्या बारा वर्षं आधीच्या. १९६३ साली फ्रोबिशर बे म्हणजे आजच्या इकालुइतला सहकारी संस्थांची पहिली परिषद झाली, आणि शेकडो मैल लांबच्या गावातली माणसं एका खोलीत बसून बोलली की आमच्याकडे असं आहे, तुमच्याकडे कसं. दुसरी परिषद १९६६ ला पुविरनितुकला. संघ काढायचा विचार तिथून पक्का होत गेला.

पुविरनितुकचं थोडं सांगायलाच हवं. हे शिल्पकारांचं गाव. १९५८ च्या सुमारास आंद्रे स्टाइनमन नावाच्या मिशनरी फादरांच्या पुढाकाराने शिल्पकार एकत्र आले, १९६० ला त्याची सहकारी संस्था झाली आणि पुढे लोकांनी स्वतःचं दुकान पण काढलं, हडसन्स बे कंपनीच्या दुकानासमोर. पीटर मर्डोक नावाचा माणूस आधी कंपनीच्याच नोकरीत होता, तो ती सोडून या बाजूला आला आणि पुढे संघाचं काम त्याने वर्षानुवर्षं सांभाळलं.

१९७० च्या दशकात क्वेबेक सरकारला जेम्स बे भागात मोठमोठी धरणं बांधायची होती आणि त्यासाठी तिथल्या क्री आदिवासींशी आणि इनुइट लोकांशी १९७५ ला करार झाला. पैसे आणि काही अधिकार मिळणार होते पण त्या बदल्यात जमिनीवरचे मूळ हक्क सोडायचे. पुविरनितुक आणि इवुजिविक या दोन गावांनी आणि साल्लुइतमधल्या बऱ्याच लोकांनी सांगितलं आम्ही सही करणार नाही. या विरोधाची मुळं सहकारी चळवळीत होती. बरोबर कोण होतं यावर त्या भागात आजही दोन मतं आहेत आणि एकाच घरात दोन मतं असायची, लोकांना त्याचा फार त्रास झाला. पण एवढं मात्र दिसतं की पंधरा वर्षं आपला हिशेब आपण बघितलेल्या लोकांना समोर आलेला करार वाचून 'नको' म्हणता आलं. इनुक्तितुतमध्ये 'अताउत्सिकुत' हा शब्द आहे, सगळे मिळून, नुनाविकच्या संस्थांमधले लोक तो मनापासून वापरतात.

प्रश्न (कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एक वाचक) : इथे दुकानांत इनुइट शिल्पं दिसतात. घरच्यांना भेट द्यायला घ्यायची तर खरी कशी ओळखायची? आणि त्यावरची ती लिपी कुठली, ओळखीची का वाटते?

खऱ्या वस्तूला इग्लूचं चित्र असलेलं लेबल असतं, इग्लू टॅग. १९५८ सालापासून आहे, आधी सरकारकडे होतं, २०१७ पासून इनुइट आर्ट फाउंडेशनकडे. त्यावर कलाकाराचं नाव, गाव असं लिहिलेलं असतं. विमानतळावरच्या एकसारख्या, गुळगुळीत, स्वस्त मूर्ती बहुतेक साच्यातल्या नकला असतात. तुम्ही टोरांटोच्या जवळ आहात, किन्गाइतच्या संस्थेची विक्री शाखा डॉर्सेट फाइन आर्ट्स तिथेच आहे, ती गॅलऱ्यांना माल देते, तेव्हा गॅलरीत विचारा की हे कुठल्या संस्थेतून आलं. विचारायला संकोच करू नका, चांगला विक्रेता आनंदाने सांगतो.

लिपी ओळखीची वाटली याचं मला खूप बरं वाटलं, कारण ते उगाच नाही. ती सिलॅबिक लिपी, जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास क्री भाषेसाठी बनवली आणि नंतर ती इनुक्तितुतला लावली गेली. अभ्यासकांच्या मते तिच्या रचनेवर इंग्रजी लघुलिपीबरोबर देवनागरीचाही प्रभाव आहे. आपल्याकडे एका व्यंजनाला काना, वेलांटी, उकार लागतो तसं तिथे तेच अक्षर फिरवायचं, तोंड एका दिशेला केलं की 'पि', दुसरीकडे केलं की 'पु', तिसरीकडे 'पा'. शिकायला सोपी म्हणून घराघरात पसरली, आई मुलांना घरीच शिकवायची. त्यामुळे संस्था निघाल्या तेव्हा शाळेत न गेलेल्या माणसांनाही आपल्या भाषेतली सूचना वाचता येत होती.

प्रश्न (अहिल्यानगर जिल्ह्यातून एक वाचक) : सगळं चांगलंच सांगताय. बुडालेल्या संस्था नाहीत का?

आहेत आणि ते सांगितल्याशिवाय हे अपुरं राहिलं असतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला नुनावुतकडच्या कितीतरी संस्था कर्जात रुतल्या होत्या, संघ पण अडचणीत होता, हिशेब येणारी माणसं कमी, बाहेरून आलेले मॅनेजर टिकायचे नाहीत. आर्क्टिक को-ऑपरेटिव्ह्ज ही आजची शिखर संस्था त्यातूनच ८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली, दुकानांचा संघ आणि कलावस्तू विकणारी संघटना एकत्र करून. शिवाय १९८३ साली युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली, बंदी पिल्लांपुरती होती पण बाजार सगळ्याच कातड्यांचा पडला, आणि मोठे सील खाण्यासाठी मारणाऱ्या इनुइट घरांची रोख मिळकत गेली. त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता.

पण मला सारखं आठवतं ते पोर्ट बर्वेल, इनुइट नाव किल्लिनिक. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्राडोरच्या अगदी उत्तर टोकावरचं बेट. तिथलीही संस्था १९५९ चीच, जॉर्ज नदीवाल्यांच्या बरोबरीची, सील आणि मासे यावर चाललेली. काम बरं चाललं होतं, आसपासची माणसं येऊन राहिली होती. पण ते गाव तेव्हा वायव्य प्रदेशाच्या हद्दीत, तिथल्या राजधानीपासून प्रचंड लांब आणि लोकांचे सगळे संबंध क्वेबेककडे, त्यामुळे त्याची जबाबदारी कुणालाच नको होती. सोयी एकेक करून कमी होत गेल्या, लोक एकेक करून निघून गेले आणि १९७८ च्या हिवाळ्यात उरलेल्यांना विमानात बसवून नेलं. त्यांना नुनाविकच्या वेगवेगळ्या गावांत वाटून टाकलं, जिथे त्यांच्यासाठी घरं पण तयार नव्हती. काही कुटुंबं कांगिक्सुआलुज्जुआकला गेली. तिथली संस्था चालू होती आणि आजही चालू आहे.